स्ट्रॉबेरीला अळी पडली

पहिलीच्या वर्गात प्रकट वाचनासाठी मी जी मोजकी चित्रपुस्तके पुन्हा पुन्हा काढते, त्यांत एरिक कार्ल यांचे भुकेल्या अळीचे पुस्तक सर्वांत जास्त हाताळले गेलेले आहे. 1969 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मूळ इंग्रजीत आहे. मी ते मुलांकडे तोंड करून धरते आणि गोष्ट मराठीत सांगत जाते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असे करत शुक्रवारी पाच संत्री खाते. प्रत्येक फळाला खरोखरीचे आरपार भोक पाडलेले असते आणि फळे वाढतात तशी पानांची रुंदीही वाढत जाते. कागदाच्या गठ्ठ्याला पंचने भोके पाडता पाडता कार्ल यांना ही कल्पना सुचली होती. त्या भोकांत बोट घातल्याशिवाय मुले पान उलटू देत नाहीत, त्यामुळे माझ्या प्रतीतील गुरुवारचे पान आता चिकटपट्टीच्या आधारावर उभे आहे.

गुरुवारच्या पानावर चार स्ट्रॉबेऱ्या आहेत, आणि आमची शाळा महाबळेश्वर तालुक्यात आहे. वर्गातील बहुतेक घरांची वर्षाची मिळकत या एका फळावर अवलंबून असते, ही गोष्ट वाचताना माझ्या लक्षातही नव्हती. मी पान उलटले, चारही फळांना भोके दिसली आणि पुढे बसलेला एक मुलगा ताडकन उठून म्हणाला, “बाई, अळी पडली! फवारा मारायला पाहिजे.”

हसू येण्याऐवजी वर्गात एकदम गंभीर चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, असला माल व्यापारी घेत नाही; कोणी घरच्या पाठीवरच्या पंपाची माहिती पुरवली. एका मुलीने चित्राजवळ येऊन बारकाईने पाहिले आणि ही फळे आता फार तर जॅमला जातील, असा निर्वाळा दिला. तोपर्यंत “पण तिची भूक काही भागेना” हे पालुपद माझ्याबरोबर जोरात म्हणणारी मुले दोन गटांत वाटली गेली होती. “तिला भूक लागली तर ती काय करणार?” असे अळीच्या बाजूचे विचारू लागले, तर शेतकरी गट तिला पुढच्या पानावर जाऊच द्यायला तयार नव्हता. वाचनाच्या वेळी मुलांनी मध्ये बोलू नये, असे मानणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मला ते कधीच पटलेले नाही. मी पुस्तक मिटले नाही आणि निवाडाही केला नाही. तिने संत्री खावीत की नाही एवढेच विचारले, तेव्हा “संत्री आपल्याकडे नसतात, खाऊ दे” या मुद्द्यावर तडजोड झाली.

शनिवारी अळी केक, आइस्क्रीम, कलिंगड असे दहा पदार्थ खाते. त्यातील लोणच्याचे चित्र पाहून “ही तर काकडी” असे सर्वांनी मला सुनावले, चीज आणि सॉसेज मात्र न बोलता सोडून दिले. इतके खाल्ल्यावर तिचे पोट दुखते, हे ऐकताच फवारा मागणारा तोच मुलगा म्हणाला, “ओवा द्या तिला.” पुस्तकातील अळी ओव्याऐवजी रविवारी एक हिरवे पान खाते आणि बरी होते. ते उत्तर त्याला कमअस्सल वाटले असावे, परंतु जॅमवाल्या मुलीला शाळेच्या दारातला कढीपत्ता आठवला आणि सगळा वर्ग बाहेर निघाला.

कढीपत्त्यावर अळ्या होत्याच. लिंबू आणि कढीपत्ता यांवर वाढणाऱ्या या फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्यावर हिरव्यागार होतात. एकाने काडी लावताच एका मोठ्या अळीने डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर काढले आणि उग्र वास सुटला. मुले मागे सरली, मग पुन्हा पुढे आली. कढीपत्ता कोणी विकत नसल्यामुळे इथे फवाऱ्याचा विषय निघाला नाही.

वर्गात परतून मी कोषाचे पान दाखवले आणि नंतर दोन पानभर पसरलेले रंगीत फुलपाखरू. एरवी इथे टाळ्या पडतात. त्या दिवशी फवारावाल्याने हात वर केला. “बाई, हे आता परत अंडी घालणार ना?” घालणार, असे मी सांगितले. “कशावर?” या त्याच्या प्रश्नावर वर्गाने आधी कढीपत्ता आणि नंतर, बऱ्याच आरडाओरड्यानंतर, शेजारच्या गावातील स्ट्रॉबेरी सुचवली. पुढचा तास गणिताचा होता. तो झाला नाही.