भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी

लंडनच्या पिकॅडिली लाइनवर लागोपाठची दोन स्टेशनं आहेत, अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट. अर्लच्या पाटीवर ‘एस’च्या आधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे इंग्रजीत मालकी किंवा गळलेलं अक्षर दाखवणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह, आहे, बॅरनच्या पाटीवर नाही. गाडी दोन्हीकडे थांबते, माणसं उतरतात, चुकत कुणी नाही. तरीही वर लटकणाऱ्या त्या इवल्याशा शेपटीपायी इंग्रज माणूस जेवढा चिडतो, तेवढा तिथल्या पावसावरही चिडत नसेल.

२००१ साली जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने तिच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली. २०१९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं सांगून त्याने ती बंद केली. ब्रिस्टलमध्ये तर एक गृहस्थ रात्री लांब दांडी घेऊन दुकानांच्या पाट्या गुपचूप दुरुस्त करत फिरायचा. २०१७ मध्ये बीबीसीने त्याची गोष्ट जगाला सांगितली. मला ही माणसं मनापासून आवडतात. एवढ्याशा गोष्टीसाठी झोपमोड करणारा माणूस वाईट कसा असेल?

त्यांच्या रागातली एक गोष्ट मात्र खटकते. अनेकवचनात उगाच घुसलेल्या या चिन्हाला तिकडे ‘ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी’ म्हणतात. म्हणजे भाजीवाल्याचा. बटाट्याच्या भावाच्या पाटीवर तो दिसतो म्हणून. तीच चूक एखाद्या वकिलाच्या पत्रातही होत असेल, पण तिला वकिलाचं नाव पडलं नाही. आणि गंमत म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांत, स्वराने संपणाऱ्या परक्या शब्दांचं अनेकवचन करताना हाच अपॉस्ट्रॉफी घालायची शिकल्यासवरल्यांची रीत होती. बटाटा काय, टोमॅटो काय, इंग्रजीत दोन्ही शब्द बाहेरूनच आलेले आणि स्वरान्त. म्हणजे भाजीवाला जुन्या पंडितांच्याच वळणावर लिहितोय की!

बर्नार्ड शॉ या चिन्हांना जंतू म्हणायचा आणि आपल्या नाटकांत शक्य तिथून उडवून लावायचा. जिथे अर्थाचा घोटाळा होईल, तिथे मात्र मुकाट्याने ठेवायचा. मला हा हिशेब पटतो. आपल्याकडे १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. जुन्या पुस्तकात ‘घरांत’, ‘केलें’ दिसलं की अजून बरं वाटतं. लिहिताना मात्र त्यांची आठवणही होत नाही.

२०२४ मध्ये यॉर्कशरमधल्या हॅरोगेटला एका रस्त्याची नवी पाटी अपॉस्ट्रॉफीशिवाय लागली, तर कुणीतरी मार्करने तो तिथे रेखाटून ठेवला. सरकारी पाटीवर खाडाखोड करणं गैरच. पण पुसायला मला पाठवलं असतं, तर मी फडकं घरी विसरलो असतो.