तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लाइंग स्कूल कोणतं घ्यावं?

बारावीचा निकाल लागला की पालकांचा हा प्रश्न हमखास येतो: "मुलीला पायलट व्हायचंय, कोणतं फ्लाइंग स्कूल चांगलं?" प्रश्न रास्त आहे, पण तो तिसरा आहे. आधी मेडिकल, मग पेपर आणि त्यानंतर स्कूल. हा क्रम उलटा केला की पैसे अडकतात.

मेडिकल डीजीसीएच्या (देशातल्या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) यादीतल्या डॉक्टरांकडेच करायचं. आधी क्लास टू ही प्राथमिक तपासणी, मग व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी क्लास वन. चष्मा असला तरी चालतं, पण चष्मा लावून नीट दिसायला हवं. ठिपक्यांमधले आकडे ओळखायच्या रंगदृष्टीच्या चाचणीत मात्र काही मुलं अडकतात, आणि तोवर घरी कुणाला याची कल्पनाच नसते. क्लास वनचा निकाल हातात येईपर्यंत कुठेही एक रुपयाही भरू नका.

पेपर म्हणजे डीजीसीएच्या लेखी परीक्षा: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामान), एअर रेग्युलेशन (हवाई नियम) आणि टेक्निकल जनरल (विमानाची सर्वसाधारण तांत्रिक माहिती). शिवाय ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला 70 टक्के लागतात. विमानातून रेडिओवर बोलण्याच्या परवान्यासाठी आरटीआर ही परीक्षा वेगळी. यातले निदान पहिले तीन पेपर घरी राहून काढावेत असं माझं ठाम मत आहे. एकदा स्कूलच्या तळावर गेलं की पहाटेपासून धावपट्टीवर नंबर लावून बसायचं असतं, अभ्यास मागे पडतो. शिवाय या विषयांत मुलीला खरंच गोडी आहे का, हे थोड्या खर्चात कळतं.

आता स्कूल. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्याला, 200 तासांचं उड्डाण लागतं. स्कूल तुम्हाला विकतं ते हे तास, म्हणून हिशोबही तासांचाच मांडा. समजा जाहिरातीत 10 विमानं आहेत. त्यातलं एखादं 100 तासांच्या तपासणीला उघडलेलं असतं, एखाद्याचा सुटा भाग परदेशातून यायचा असतो. रोज उडणारी धरा 6. प्रत्येकी दिवसाला 4 तास आणि महिन्यात उडता येण्याजोगे 22 दिवस, म्हणजे 528 तास. विद्यार्थी 60 असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला पावणेनऊ तास येतात आणि 200 तासांना जवळपास 23 महिने लागतात. पावसाळा अजून धरलेलाच नाही. विद्यार्थी 30 असते तर हेच काम वर्षभरात झालं असतं. माहितीपत्रकावरच्या "14 महिन्यां"मागे हा भागाकार कुणी केलेला असतो का, ते विचारा.

त्यासाठी तीन दिवस तळावर जाऊन राहा. सकाळी सहाला कुंपणाजवळ उभं राहून किती विमानं उठतात ते मोजा. हँगरमध्ये किती उभी आहेत तेही मोजा. विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी विचारा: कधी आलात आणि आज किती तास झाले? ऑफिसमधल्या कुणाहीपेक्षा ही उत्तरं खरी असतात. प्रशिक्षक किती आहेत आणि गेल्या वर्षात किती सोडून गेले, हेही तिथेच कळतं. डीजीसीए 2025 पासून स्कूलची श्रेणीवारी लावते. ती जरूर बघा, पण या तीन सकाळींच्या जागी नको.

जागेचाही विचार करा. बारामती पर्जन्यछायेत आहे, तिथे पावसाळ्यातही काही दिवस मिळतात. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुकं सकाळ खातं. जे.आर.डी. टाटांना 1929 मध्ये देशातला पहिला परवाना मिळाला तो बॉम्बे फ्लाइंग क्लबमधून. त्याच क्लबचं प्रशिक्षण आज जुहूऐवजी धुळ्याला चालतं, कारण मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात शिकाऊ विमानाला मोकळीक मिळणं कठीण. धावपट्टीवर रात्रीचे दिवे आहेत का, हे विसरू नका. नसतील तर रात्रीच्या तासांसाठी दुसऱ्या तळावर जावं लागतं आणि तिथेही रांग असते. इंधनही विचारा: जुन्या सेसना विमानांना ॲव्हगॅस (विमानांचं खास पेट्रोल) लागतं, डिझेल इंजिनाच्या डायमंड विमानांना जेट इंधन चालतं. ॲव्हगॅसचा पुरवठा अडला की सेसना जाग्यावर बसतात.

सर्वात जास्त मनस्ताप देणारी अट मात्र वेगळीच आहे. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत कमांडमधले (स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन उडवलेले) किमान 15 तास आणि रात्रीची 10 उड्डाणं व 10 लँडिंग झालेली असावी लागतात. 200 तास झाले, पण आरटीआर राहिली किंवा एखादा पेपर अडला, की हे तास शिळे होतात आणि पुन्हा पैसे भरून उडावं लागतं. पेपर आधी काढा म्हणते ते याचसाठी. परदेशात शिकायला जाणाऱ्यांनाही हेच लागू. तिकडे तास भराभर होतात, पण परत आल्यावर परवाना बदलून घ्यायला इथले पेपर आणि इथलं मेडिकल लागतंच.

फी एकरकमी भरू नका. हप्ते तारखेला नव्हे, उडालेल्या तासांना बांधून घ्या. लँडिंग चार्ज, होस्टेल, दोन इंजिनांच्या विमानाचे तास, स्किल टेस्टचं (परवान्यासाठीच्या उड्डाण चाचणीचं) विमान आणि लागले तर जादा तास यांचा दर लेखी घ्या. मध्येच सोडलं तर किती परत मिळेल, तेही.

सगळं मिळून 50 लाखांच्या आसपास किंवा वर जातं, आणि सीपीएल म्हणजे नोकरी नव्हे. एअरबस ए320 सारख्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण आणि मान्यता) स्वतःच्या पैशांनी करायचं तर आणखी 15 ते 20 लाख. त्यानंतर एअरलाइनची लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटर आणि मुलाखत. भरती थांबलेली असेल तर वर्ष-दीड वर्ष वाट बघावी लागू शकते. कर्जाचे हप्ते त्यासाठी थांबत नाहीत, म्हणून निदान एक वर्षाच्या हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवूनच सुरुवात करा. कॅप्टन व्हायला एटीपीएल हा वरचा परवाना लागतो, त्याला 1500 तास हवेत. ते मात्र नोकरीत उडतानाच होतात.

एअरलाइनचे कॅडेट प्रोग्रॅम यापेक्षा बरेच महाग असतात, पण तिथे निवड आधी होते. निवडीचं पत्र वाचताना नोकरी कोणत्या अटींवर आणि कधी, हे कलम दोनदा वाचा. "भरतीच्या गरजेनुसार" असे शब्द दिसले, तर तारखेची हमी नाही असंच समजून पैशांची जुळणी करा.