निकाल न देणारी बैठक

कोल्हापूर परिसरात घरातला वाद मिटवायचा म्हणजे मामांना किंवा भावकीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला बोलवायचे आणि त्यांनी दिलेला निकाल निदान तोंडदेखला तरी मान्य करायचा, ही रीत अजून चालू आहे. कुटुंबोपचारात, म्हणजे सगळ्या घराने समुपदेशकासमोर एकत्र बसून बोलण्याच्या उपचारात, असा निकाल मिळत नाही, आणि म्हणूनच आमच्याकडची थोरली मंडळी पहिल्या बैठकीतून नाराज होऊन उठली.

वाद वरवर पाहता ऊसबिलाच्या वाटणीचा होता. प्रत्यक्षात वडील आणि काका एकमेकांशी थेट बोलतच नव्हते. जे काही सांगायचे ते काकांकडे राहणाऱ्या आजीमार्फत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी अशा रचनेला त्रिकोण म्हटले आहे: दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते, त्या दोघांना तात्पुरते हलके वाटते आणि भार तिसऱ्यावर पडतो.

समुपदेशक बाईंनी चूक कोणाची, हे विचारलेच नाही. त्यांनी माझ्या चुलतभावाला विचारले, "या दोघांचा अबोला सुरू झाला की आजी काय करतात?" तो म्हणाला, "आजी जेवत नाही. मग आई विनवण्या करत बसते, आणि मोठ्या बाबांना कळलं की ते म्हणतात, आमच्या आईला उपाशी ठेवलंय." मोठे बाबा म्हणजे माझे वडील; त्यांचे हे बोलणे काकांच्या कानावर गेले की अबोला आणखी वाढे. हे चक्र सर्वांना ठाऊक होते, परंतु सर्वांसमोर ते कोणी उच्चारले नव्हते. तिसऱ्याला दोघांविषयी विचारण्याची ही पद्धत इटलीतील मिलान येथे मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली.

त्यानंतर काकू प्रथमच बोलल्या. आजीचे पथ्यपाणी, रात्रीची जागरणे, दवाखाना हे सारे त्यांच्या एकटीच्या अंगावर होते, आणि हिशेब मात्र टनांचा चालला होता. आजीच्या औषधपाण्याचे पैसे ऊसबिलातून आधी बाजूला काढावेत आणि दवाखान्याच्या फेऱ्या वडिलांनी कराव्यात, हे दोन्ही भावांनी मग आपसांत ठरवले. बाई गप्प होत्या.

नातेवाइकांना उपचारात सामील करून घेणे आपल्याकडे नवे नाही. १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात रुग्णांच्या नातलगांना तंबूंत राहू दिले होते.

सातबाऱ्यावरची वाटणी समुपदेशकाच्या खोलीत होत नाही; त्यासाठी वकीलच हवा. तसेच घरात मारहाण होत असेल, तर मारणाऱ्यासमोर मोकळेपणाने बोलण्याची किंमत घरी गेल्यावर चुकवावी लागू शकते, म्हणून तिथे एकत्र बैठकीआधी मार खाणाऱ्या व्यक्तीच्या सुरक्षिततेची सोय करावी लागते.