लहान मुलांचे केस घरी कापताना

ओले केस ताणले जातात आणि वाळल्यावर आखडतात, त्यामुळे कपाळावरच्या बटा ओल्या असताना नेमक्या भुवयांपर्यंत कापल्या, तर वाळल्यावर त्या बऱ्याच वर गेलेल्या दिसतात. म्हणून मी मुलीचे केस फवाऱ्याने केवळ दमट करते आणि हव्या त्या लांबीपेक्षा बोटभर जास्तच ठेवते. कुरळे केस तर कोरडेच कापलेले बरे. कात्री गोल टोकांची, पण धारदार असावी, कारण बोथट कात्रीने केस ओढले जातात आणि मूल नेमकी तेव्हाच मान हलवते. कानाजवळ कापताना कान हाताने दुमडून झाकावा. ट्रिमर वापरायचा असल्यास आधी मोठ्या मापाचा कंगवा लावावा. मूल कंटाळल्यास उरलेले काम खुशाल दुसऱ्या दिवशी करावे. घाईत जास्त कापले गेले तर भरून यायला वेळ लागतो, कारण केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटरच वाढतात.