कूलरच्या ड्रेनचं पेटंट: अर्जापासून बाजारापर्यंत माझा अनुभव

नागपुरात कूलर होळीच्या सुमारास बाहेर निघतात, त्यामुळे फॅब्रिकेटरला नमुना दाखवायचा तर तो जानेवारीतच. म्हणून माझा पेटंटचा अर्ज डिसेंबरमध्ये गेला. दाखवणं नंतर, अर्ज आधी. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ किंवा विकलेला एक नगही पेटंटला लागणारं नावीन्य घालवू शकतो. प्रदर्शनासाठी 12 महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच. कॉलेजचा महोत्सव किंवा गावातला ट्रेड फेअर त्यात धरू नका. अर्जाआधी एखादा भाग बाहेरून बनवून घ्यावाच लागला, तर गोपनीयतेचा करार मुद्रांकावर करून घ्या आणि पूर्ण जोडणीचं चित्र एकाच कारागिराच्या हाती देऊ नका.

वस्तू साधी आहे. कूलरचं पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. मे संपेपर्यंत ताट्या कडक होतात, पंपाच्या जाळीवर पांढरा थर चढतो. माझ्या जोडणीत पंपाच्या नळीतून बारीक धार 300 मिलीच्या डब्यात पडते. डबा भरला की वजनाने तरफ चुंबकापासून सुटते आणि टाकीचा ड्रेन उघडून क्षाराचं पाणी थोडं बाहेर जातं. मग डब्यातला सायफन, म्हणजे भरल्यावर पाणी आपोआप खेचून काढणारी वाकडी नळी, डबा रिकामा करतो, ड्रेन बंद होतो. वेगळी मोटर किंवा टायमर लागत नाही.

असं काही आधीच आहे का, हे मी पेटंट शोधायच्या तीन वेबसाइटवर पाहिलं: पेटंट कार्यालयाचं इनपास, युरोपीय कार्यालयाचं एस्पासनेट आणि गुगल पेटंट्स. नुसत्या शब्दांवर भागत नाही. एफ24एफ हा हवा थंड करण्याच्या यंत्रांचा पेटंट-वर्ग लावून पाहिल्यावर टायमरने पाणी सोडणारे कूलर सापडले. म्हणजे ‘क्षार काढून टाकणारा कूलर’ असा क्लेम (नेमका कशावर हक्क हवा, ते सांगणारं अर्जातलं वाक्य) टिकणार नव्हता. उरलं ते डबा, चुंबक आणि सायफन यांचं एकत्र काम. इथेच पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) आडवं येतं: माहीत असलेल्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं काम करत राहिली, तर तो शोध धरत नाहीत. म्हणून त्या एकमेकींवर कशा अवलंबून आहेत, हे मी मजकुरातच लिहिलं. चुंबक काढला तर अर्ध्या डब्यावरच ड्रेन किलकिला होतो आणि टाकी दिवसभर गळते. सायफनची नळी जाड घेतली तर बारीक धारेत सायफन धरतच नाही, पाणी नळीच्या वळणावरून नुसतं झिरपतं. ही दोन वाक्यं परीक्षकाला उत्तर देताना सर्वांत जास्त कामी आली.

अर्जासोबत आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं वर्णन, देता येतं. ते म्हणजे अर्धं पान लिहून तारीख अडवणं, असा समज आहे. त्याने फार नुकसान होतं. तारखेचं संरक्षण तिथे लिहिलेल्या गोष्टींनाच मिळतं. नळी 5 मिमी एवढंच लिहू नका, 4 ते 6 लिहा. चुंबकाऐवजी स्प्रिंग चालत असेल तर तेही लिहा. उन्हाळ्यात चुंबकावर क्षार चढतो म्हणून मी त्याला प्लास्टिकची टोपी घातली. ती प्रोव्हिजनलमध्ये नव्हती, म्हणून तिला कम्प्लीटचीच, म्हणजे नंतर भरलेल्या पूर्ण वर्णनाचीच, तारीख मिळाली. अशी सुधारणा मधल्या काळात गिऱ्हाइकाला दाखवली असती, तर ती हातची गेली असती. कम्प्लीट 12 महिन्यांच्या आत हवं. ही मुदत चुकली की अर्ज सोडून दिल्यासारखा होतो.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबई शाखेकडे जातात, पण ऑनलाइन भरल्यास प्रवास लागत नाही. सिव्हिल लाइन्समधली राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्था प्रशिक्षणासाठी आहे, तिथे अर्ज घेत नाहीत. फॉर्म 1 (अर्ज) आणि 2 (वर्णन) सोबत जातात. व्यक्तीला ऑनलाइन 1,600 रुपये, त्यात 30 पानं आणि 10 क्लेम. पुढच्या प्रत्येक पानाला 160, क्लेमला 320. चित्रं ए4वर, वर आणि डावीकडे 4 सेंमी समास, भागांना फक्त आकडे. चित्रावर वर्णन लिहिलं की आक्षेप येतो.

अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. फॉर्म 9 आणि 2,500 रुपये भरले की महिन्याभरात होतो. बाजारात उतरणाऱ्याने हा खर्च करावा, असं माझं मत आहे: पेटंट मिळाल्यावर भरपाई प्रसिद्धीच्या तारखेपासून मागता येते, मात्र दावा पेटंट मिळाल्यावरच. परीक्षणासाठी फॉर्म 18, 4,000 रुपये, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 31 महिन्यांच्या आत. हे आपोआप होत नाही, आणि इथे बरेच अर्ज मरतात. अर्जदारांत एखादी महिला असेल किंवा उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग अर्जदार असेल, तर फॉर्म 18ए भरून 8,000 रुपयांत लवकर परीक्षण होतं.

आक्षेपांचा अहवाल आला की उत्तराला सहा महिने. मी पहिला क्लेम आखडून चुंबक आणि सायफन दोन्ही त्यात घेतले. रुंद क्लेमसाठी भांडण्यापेक्षा टिकणारा अरुंद क्लेम बरा. नवा मजकूर मात्र या टप्प्यावर घालता येत नाही.

तोवर मालावर ‘पेटंट पेंडिंग’ लिहावं, ‘पेटंटेड’ लिहिणं गुन्ह्यासारखंच महागात पडतं. पेटंट मिळाल्यावर स्टिकरवर नंबर छापा. नुसता ‘पेटंट’ शब्द असेल, तर नक्कल करणारा ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणून भरपाईतून सुटू शकतो.