शाळेची पेटी

यंदा आमच्या गावच्या हायस्कुलात संगीत-नाटकाचे तास बंद करून गणिताचे जादा तास घ्यायचा ठराव आला. आणि हे कुठं? तर गडचिरोलीतल्या वडशाजवळ, जिथं दिवाळी झाली की मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या निमित्तानं झाडीपट्टीची, आमच्या पूर्व विदर्भाची नाटकं गावंच्या गावं रात्रभर जागवतात!

पालकसभेला एरवी दहा माणसं येत नाहीत. परवा बाया भाताची रोवणी सोडून आल्या, चिखलाच्या पायांनी. एक आजोबा, दंडार या इथल्या लोकनाट्यातले जुने नाचे, उठले. बोलले काहीच नाही. कपाटावरची पेटी उतरवली, भात्यावरची धूळ फुंकली आणि काळी चारचा सूर धरला. पोरांनी नांदी उचलली. मुख्याध्यापक चष्मा पुसत राहिले. (त्यांचीही पोरगी गेल्या साली नाटकात होती.)

ठराव पुढच्या सभेवर गेलाय. पेटीची एक पट्टी चिकटते, ती रविवारी वडशाला नेऊन दुरुस्त करून आणतो.