निलगिरीची मोहरी आणि आमचा बेवड

सातगाव पठारावरील माझ्या बटाट्यांवर सलग दोन हंगाम फोड दिसत होते आणि माती तपासल्यावर मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचे, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमीचे, निदान झाले. भारतात बटाट्याचा सोनेरी सूत्रकृमी प्रथम १९६१ मध्ये ज्या निलगिरीत सापडला, तेथील शेतकरी त्याला पिकांच्या फेरपालटीने, म्हणजेच बेवडाने, कसे आवरतात हे पाहण्यासाठी मी मेअखेरीस ऊटीला गेलो. पुण्याहून रेल्वेने कोइमतूर आणि पुढे मेट्टुपालयममार्गे बस हा मार्ग सोयीचा आहे. स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी निलगिरीत वाहन नेण्याचा ई-पास आधी काढावा. पीक साधारण दोन महिन्यांचे असताना जावे, कारण तेव्हाच मुळांवर काही पाहायला मिळते.

निलगिरीतल्या बडगा समाजाच्या एका शेतकऱ्याने वरंब्यातून झाड अलगद उपटून दाखवले, तेव्हा पांढऱ्या तंतुमुळांना खसखशीएवढे पिवळे मणी चिकटलेले होते. ही सोनेरी सूत्रकृमीच्या मादीची शरीरे वाळून तपकिरी कोश बनतात. एकेका कोशात शेकडो अंडी असतात आणि बटाट्याच्या मुळांचा पाझर मिळेपर्यंत ती वर्षानुवर्षे तग धरतात. म्हणून तेथे मध्ये लसूण, गाजर, कोबी, घेवडा घेतात आणि कुफरी स्वर्णासारखा प्रतिकारक वाण लावतात. मोहरी फुलोऱ्यात असताना बारीक चिरून लगेच ओल्या मातीत गाडली, तर तिच्या पेशी फुटून सूत्रकृमीला मारक असा तिखट वायू सुटतो. चिरून दुपारपर्यंत पसरून ठेवल्यास तो हवेतच जातो.

हे सारे जसेच्या तसे आपल्याकडे आणण्याचा मोह मात्र टाळावा. कोशाच्या सूत्रकृमीला उपाशी ठेवणारे गाजर आणि घेवडा आमच्या गाठीच्या सूत्रकृमीला मेजवानीच ठरतात, आणि मोहरीच्या बऱ्याच जातींच्या मुळांवरही तो पोसला जातो. त्याच्यासाठी ताग किंवा दाट पेरलेला झेंडू हाच बेवड योग्य. झेंडूही दोन-तीन महिने, तणविरहित हवा, बांधावरच्या चार झाडांनी काही होत नाही. त्यामुळे आधी माती तपासून घ्यावी, मगच बियाणे विकत घ्यावे.

निलगिरीतून बियाण्याचा बटाटा बाहेर नेण्यास बंदी आहे, तेव्हा पिशवीत एकही कंद घेऊ नये. यजमानांनी शेताबाहेर पडताना माझे बूट ब्रशने घासून धुवायला लावले, तळव्याच्या खाचांसकट. बुटांची जादा जोडी न्यावी. माझे ओले बूट कोइमतूरपर्यंत वाळले नाहीत.